कोऱ्या लाकडावरचे संकल्पचित्र : मुलांसाठीच्या एका हस्तकला-संचाचे परीक्षण

सांगलीत माझ्या घरी दर रविवारी सकाळी चित्रकलेचा वर्ग भरतो आणि त्यात सध्या चौथी ते आठवीतली नऊ मुले येतात. शाळेतून निवृत्त झाल्यावरही हा वर्ग मी चालू ठेवला, त्याचे एक कारण म्हणजे संकल्पचित्र, म्हणजेच एखाद्या आकारासाठी नक्षी रचणे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय ग्रेड परीक्षांमुळे हा शब्द महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत माहीत असतो. पण मुले या विषयाची तयारी ज्या रीतीने करतात, ती मला अनेक वर्षे खटकत आली आहे. चौकोन आखायचा, चार कोपऱ्यांत चार फुले बसवायची, मध्ये एक मोठे फूल, उरलेल्या जागेत पाने आणि मागे सपाट केशरी किंवा निळा रंग. चौकोनाऐवजी वर्तुळ आले की तीच फुले गोल फिरवायची. आपण कोणत्या वस्तूसाठी नक्षी काढत आहोत, ती वस्तू हातात कशी धरली जाते, तिला कड कुठे आहे आणि ती कोणत्या बाजूने दिसते, हे प्रश्न कागदावर उद्भवतच नाहीत. म्हणून मुलांच्या हाती काही महिने कागदाऐवजी कोऱ्या वस्तू द्याव्यात असे ठरवून मी जूनच्या पहिल्या आठवड्यात हाताने बनवलेल्या लाकडी वस्तू रंगवण्याचे तीन संच मागवले आणि ऑगस्टअखेरपर्यंत, म्हणजे सुमारे बारा रविवार, ते मुलांबरोबर वापरले.

विक्रेत्याचे नाव मी येथे देत नाही. तो व्यवसाय लहान आहे, आढळलेले दोष मी त्यांना पत्राने कळवले आहेत, आणि याच धाटणीचे संच इतरही अनेक जण विकत असल्यामुळे पुढचे निरीक्षण कोणताही संच घेताना उपयोगी पडेल असे वाटते.

एका संचाची किंमत १,४५० रुपये होती. त्यात सात सेंटिमीटर व्यासाच्या बारा गोल चकत्या, तीन भोवरे, झाकणाच्या दोन डब्या, दोन आंबे आणि वीतभर लांबीचा एक पाट एवढ्या कोऱ्या वस्तू होत्या. शिवाय ॲक्रिलिक रंगांच्या सहा छोट्या बाटल्या, तीन ब्रश, पॉलिश पेपरचे दोन तुकडे, वॉर्निशची एक बाटली, तीन स्टेन्सिल आणि सोळा पानांची एक पुस्तिका. एक संच तीन मुलांना पुरतो, म्हणजे मुलामागे खर्च पाचशे रुपयांच्या आत राहतो. आठ-दहा रविवार पुरणाऱ्या सामानासाठी ही रक्कम मला वाजवी वाटली.

सर्वांत आधी चकत्यांविषयी, कारण संचातला खरा ऐवज त्याच आहेत. आणि गंमत अशी की पुस्तिकेत सर्वांत कमी विचार त्यांचाच झालेला आहे. पुस्तिका सांगते की चकत्या रंगवून कपाखाली ठेवाव्यात किंवा मागे चुंबक चिकटवून फ्रिजवर लावाव्यात. गोल चकत्या आणि त्याही बारा, हे पाहून मला मात्र सावंतवाडी आठवली. तिथल्या दशावतारी गंजिफात, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या खेळात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी एकशेवीस गोल पाने असतात. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने. अंक आकड्यात लिहिलेला नसतो. मत्स्यावताराच्या तीनच्या पानावर तीन मासे आणि परशुरामाच्या आठच्या पानावर आठ परशू असतात. प्रत्येक अवताराच्या पानांची जमीन, म्हणजे चित्रामागची पार्श्वभूमी, वेगळ्या रंगाची असते, त्यामुळे हातातली पाने पंख्यासारखी उघडताच कोणते पान कोणाचे हे कळते. म्हणजे एका संचातल्या चकत्यांत एक अवतार पूर्ण होतो. विक्रेत्याने हे जाणून केले असेल असे पुस्तिकेवरून तरी वाटत नाही.

मी तिघा-तिघांचे तीन गट केले आणि मत्स्य, कूर्म व परशुराम हे अवतार वाटून दिले. नमुना म्हणून तयार पाने दाखवायची नाहीत, फक्त नियम सांगायचे, असे ठरवले होते. एक ते दहा मासे एकाच मापाच्या वर्तुळात बसवायचे एवढेच काम, पण त्यातून संकल्पचित्राचा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम आपोआप बाहेर आला. एक मासा मध्यभागी ठेवला की तो बुडतो, म्हणून त्याला वाकवावे लागते. तीन मासे त्रिकोणात आणि चार मासे चौकात बसतात. पाचला मुले अडखळली. कोणी पाच पाकळ्यांसारखे लावले, तर कोणी चौघांच्या मध्ये पाचवा घातला. सातचे पान सर्वांत सुंदर झाले, कारण एका वर्तुळाभोवती त्याच मापाची बरोबर सहा वर्तुळे बसतात हे कंपासपेटीतल्या कंपासाने त्यांना स्वतःच सापडले. दहाच्या पानाशी प्रत्येक गटाने झगडा केला: आत दोन आणि बाहेर आठ, आत तीन आणि बाहेर सात, की तीन-चार-तीन अशा ओळी? कासवांच्या गटाने शेवटी कासवे लहान केली, आणि मग आठवीतल्या मुलीच्या लक्षात आले की दहाच्या पानावरचे कासव लहान झाले तर एकच्या पानावरचे त्याच्याशी नाते सांगणार नाही. तिने पहिली चार पाने पुसून पुन्हा काढली. कागदावर मी ‘प्रमाण’ हा शब्द वर्षभर शिकवला असता, तरी एवढा कळला नसता.

दुसरी गोष्ट पानांच्या पाठीची. एका मुलाने मोठ्या हौसेने एका चकतीच्या मागच्या बाजूला फूल काढले, तेव्हा त्याच्याच गटातली पाचवीतली मुलगी म्हणाली, “अरे, मग पान कुठलं ते समोरच्याला आधीच कळेल ना!” खेळायची पाने म्हणून सगळ्यांची पाठ एकाच सपाट रंगाची असली पाहिजे, हा निर्णय मुलांनी वस्तूच्या वापरावरून घेतला. सजावट कुठे करायची नाही हे ठरवणे हाही संकल्पचित्राचाच भाग आहे, आणि तो परीक्षेच्या कागदाला कधीच शिकवता येत नाही, कारण त्या कागदाला पाठच नसते.

चकत्यांचा एक दोष मात्र सांगितला पाहिजे. डब्यावर ‘हस्तनिर्मित लाकडी वस्तू’ असे छापले आहे. भोवरे, डब्या आणि आंबे तसे आहेतही. चकत्या मात्र लाकडाच्या नसून एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीच्या आहेत आणि लेझरने कापलेल्या आहेत. जळून काळपट झालेली कड आणि डबा उघडताच येणारा धुरकट वास यांवरून ते लगेच कळते. त्यात वाईट काही नाही, सपाट चकतीसाठी एमडीएफ सोयीचेच असते. परंतु हस्तनिर्मित हा शब्द सरसकट सगळ्यांवर लावणे प्रामाणिकपणाचे नाही. शिवाय एमडीएफची कापलेली कड पाणी पिते आणि फुगते. आमच्या पहिल्या चार चकत्या अशा फुगून कडेला जाड झाल्या. नंतर आम्ही कडेला आधी फेविकॉलमध्ये थोडे पाणी घालून त्याचा हात देत गेलो आणि तो सुकल्यावरच रंग लावला, तेव्हा त्रास थांबला. ही एका ओळीची सूचना पुस्तिकेत हवी होती. मूळ गंजिफाचे कारागीर चिंचोक्याच्या खळीने थरावर थर चिकटवून पान तयार करतात आणि रंगवून झाल्यावर त्यावर लाख चढवतात. पान हाताळले जाणार, त्याला घाम लागणार, याचा विचार तिथे रंगाच्या आधी झालेला असतो.

भोवऱ्यांबद्दल मला विशेष काही अपेक्षा नव्हती. ते चिमटीत धरून फिरवायचे लहान, कातीव भोवरे आहेत, कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या भोवऱ्यांच्या जातीचे. फरक एवढाच की चन्नपट्टणला वस्तू कातकामाच्या चरकावर फिरत असतानाच तिच्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून वस्तूवर चढते आणि रंगाचे पट्टे तिथेच पूर्ण होतात. ब्रशला वाव उरत नाही. इथे भोवरे कोरे मिळतात आणि कातकामही चांगले आहे. नऊपैकी आठ भोवरे मिनिटभर स्थिर फिरले. एकाची आर तिरकी होती.

मुलांनी त्यांवर आधी नेहमीप्रमाणे फुले-पाने काढली आणि फिरवले, तर सगळे नाहीसे झाले. मग शोध सुरू झाला. मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या रेषा फिरताना पुसल्या जातात, एकाभोवती एक काढलेली वर्तुळे तशीच राहतात, आणि एकच ठिपका काढला तर त्याची रेघ होऊन पूर्ण वर्तुळ उमटते. फिरताना काय टिकते आणि काय विरघळते हे समजल्यावर त्यांनी भोवऱ्याची दोन रूपे आखायला सुरुवात केली, एक थांबलेले आणि एक फिरणारे. सातवीतल्या एका मुलाने थांबलेल्या भोवऱ्यावर विस्कळीत दिसणारे सहा ठिपके असे काही अंतरे मोजून ठेवले, की फिरवल्यावर त्यांची बांगड्यांसारखी सहा वर्तुळे व्हावीत. ते पाहून त्याच्या शेजारणीने स्वतःचा रंगवलेला भोवरा पॉलिश पेपरने घासून पुन्हा कोरा केला.

रंगांच्या बाबतीत तर भोवऱ्याने मुलांना फसवलेच. निम्मा भाग पिवळा आणि निम्मा निळा रंगवून फिरवला की हिरवा दिसेल अशी सर्वांची खात्री होती. दिसला तो राखाडी. “बाई, हिरवा कुठे गेला?” या प्रश्नावर जवळजवळ एक पूर्ण रविवार गेला. वाटीत रंग मिसळतो तेव्हा पिवळा रंग प्रकाशातला एक भाग शोषतो, निळा दुसरा भाग शोषतो, आणि दोघांच्या तावडीतून सुटलेला हिरवा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. भोवऱ्यावर रंग मिसळतच नाहीत. पिवळ्यावरून आणि निळ्यावरून परतलेला प्रकाश आळीपाळीने, पण फार वेगाने डोळ्यांत शिरतो आणि डोळा त्यांची सरासरी काढतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने रंगीत कागदांच्या फिरत्या चकत्यांवर याच पद्धतीने रंगांचे मिश्रण तपासले होते. माझ्या वर्गात रंगचक्र गेली कित्येक वर्षे भिंतीवर टांगलेले आहे. त्यावर मुलांनी पहिल्यांदाच शंका घेतली, याचा मला मनापासून आनंद झाला. पुस्तिकेत भोवऱ्यासाठी दिलेला नमुना मात्र सूर्यफुलाचा आहे, म्हणजे नेमका फिरताना नाहीसा होणारा.

तोल या शब्दाबद्दलही भोवरा बोलतो. एका मुलाने हौसेने एकाच बाजूला सोनेरी रंगाचे चार-पाच जाड थर चढवले, आणि तो भोवरा डुलत डुलत लवकर पडू लागला. नक्षीतल्या तोलाविषयी मी वेगळे काही सांगितले नाही.

आंबे दिसायला देखणे आहेत. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना या आंब्याचे घराणे ओळखू येईल, जरी त्याच्या अंगाला तिथली सफाई नाही. देठाजवळ पटाशीच्या खुणा राहिल्या आहेत आणि त्या घासून काढायला मुलांना अर्धा तास लागला. फळ फळासारखे रंगवणे हे सावंतवाडीचे कौशल्य; मी मुलांना उलट सांगितले की आंबा आंब्यासारखा दिसता कामा नये. त्यावर नक्षी हवी. इथे कागदावरची सवय पूर्णपणे मोडते. सपाट कागदावरची चौकड फुगीर अंगावर बसतच नाही. मधल्या भागात चौकोन मोठे होतात आणि टोकांशी चिमटले जातात. काहींनी देठापासून टोकापर्यंत उभ्या रेषा काढून कलिंगडासारख्या फाका पाडल्या आणि प्रत्येक फाकेत मध्याकडे मोठी, टोकांकडे लहान अशी बुट्टी भरली. एका मुलीने आंब्यावर कोयऱ्या काढल्या. कोयरी म्हणजे आंबाच, हे तिला ठाऊक नव्हते. आईच्या साडीच्या पदरावरून तिने ती उचलली होती. हे तिला सांगितल्यावर ती हसली आणि मग तिने प्रत्येक कोयरीच्या पोटात आणखी एक कोयरी काढली.

आंब्यांची तक्रार अशी की संचात ते दोनच आहेत आणि संच तीन मुलांसाठी म्हणून विकला जातो. तिसऱ्या मुलाने काय करावे? डब्याही दोनच. लहान मुलांच्या बाबतीत हे किरकोळ नसते, हे ज्यांनी घरात दोन भावंडे वाढवली आहेत त्यांना सांगायला नको.

डब्या कुंकवाच्या करंड्यासारख्या गोल आहेत आणि झाकण खाचेत बसते. त्यांच्यापायी आमचे सर्वांत जास्त नुकसान झाले. एकीला येतानाच तडा होता. बाकीच्यांची झाकणे कोरी असताना छान बसत होती; मुलांनी खाचेच्या आतूनही रंग लावल्यावर ती घट्ट झाली, आणि जुलैच्या संततधार पावसात लाकूड फुगल्यावर दोन झाकणे अशी अडकली की ती अजून उघडलेली नाहीत. एका डबीत मुलीने बक्षीस म्हणून मिळालेले नाणे ठेवले होते. ते आता वाजते, पण दिसत नाही. जिथे दोन भाग एकमेकांवर घासतात तिथे रंग लावायचा नाही, हा नियम सुतारकाम करणाऱ्या कोणालाही माहीत असतो. पुस्तिकेतल्या रंगीत छायाचित्रात मात्र खाचेसकट सगळी डबी गुलाबी रंगवलेली आहे. डबीचा शैक्षणिक उपयोग मोठा होऊ शकला असता, कारण झाकण आणि बुड यांवरची नक्षी एकमेकींशी जुळवायची असते आणि झाकण फिरले की ती सरकते. फिरवले तरी जुळेल अशी नक्षी शोधणे हा उत्तम प्रश्न आहे. दोन मुलांनी परिघाचे बारा सारखे भाग करून तो सोडवलाही. पण आम्ही तिथवर पोहोचेपर्यंत निम्म्या डब्या निकामी झाल्या होत्या.

पाटाविषयी थोडक्यात: लाकूड चांगले, पाय भक्कम, आकार चौरस. त्यावर ठिपक्यांची रांगोळी सर्वांना आधीपासून येत असल्यामुळे काम सुरेख झाले, आणि त्यामुळेच नवीन शिकणे कमी झाले.

आता रंगांकडे वळू. लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा आणि सोनेरी असे सहाच रंग देण्याचा निर्णय मला आवडला. हिरवा, केशरी, तपकिरी हे मुलांनी मिसळून करावेत हे योग्यच. परंतु दिलेला लाल रंग शेंदरी छटेचा आहे, आणि त्यात निळा घातला की जांभळा न होता चिखलासारखा तपकिरी होतो. किरमिजी छटेचा लाल दिला असता तर दोन्ही गोष्टी जमल्या असत्या, कारण त्यात पिवळा घालून केशरी-तांबडे करता येते. आम्ही शेवटी घरातला किरमिजी रंग वापरला. सोनेरी रंगाविषयी माझे मत कडवट आहे: ती बाटली ठेवायचीच नव्हती. नऊ मुले आणि एक सोनेरी बाटली एकत्र आली की बाकीचे पाच रंग आणि सगळा विचार बाजूला पडतो. दुसऱ्या रविवारपासून ती मी कपाटात ठेवून दिली आणि गंजिफाच्या राजाच्या मुकुटापुरती बाहेर काढली.

पोस्टर रंगांऐवजी ॲक्रिलिक देणे बरोबर आहे. पोस्टर रंग सुकल्यावरही ओल्या हाताला लागतो. ॲक्रिलिक एकदा सुकले की उठत नाही आणि वस्तू खरोखर वापरता येते. लाकडावर पाण्याचा रंग लावला की पहिल्या हाताला लाकडाचे तंतू उभे राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत लागतो, म्हणून पहिला हात पातळ देऊन, तो सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवून मग दुसरा हात द्यावा लागतो. संचातला पॉलिश पेपर त्यासाठी फारच भरड आहे. ब्रश तर टाकाऊच म्हणावे लागतील: गोल ब्रशचे केस पहिल्याच दिवशी रंगात चिकटून राहू लागले, आणि सर्वांत बारीक म्हणून दिलेला ब्रशही माशाच्या डोळ्यासाठी जाड होता. ब्रशवर वाचवलेले पैसे शेवटी पालकांच्याच खिशातून जातात.

पुस्तिका आणि स्टेन्सिल या संचाच्या सर्वांत कमकुवत बाजू आहेत, आणि दुर्दैवाने जाहिरातीत त्यांचीच छायाचित्रे मोठी आहेत. पुस्तिकेतले मराठी यंत्राने उतरवल्यासारखे आहे, पण ते एक वेळ सोडून देता येईल. मूळ अडचण अशी की ती प्रत्येक वस्तूसाठी एक तयार चित्र देते आणि ते कसे भरायचे ते सांगते. शिकणाऱ्या मुलासाठी तयार चित्र म्हणजे उत्तरपत्रिका. स्टेन्सिल तीन आहेत: एक फुलांच्या मंडलाचे, एक कोयऱ्यांचे आणि एक वारली आकृत्यांचे. वारलीच्या स्टेन्सिलने मला सर्वांत अधिक वाईट वाटले. पालघर जिल्ह्यातल्या वारली घरांत गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचे टोक ठेचून केलेल्या लेखणीने ही चित्रे काढली जातात. लग्नातला देवचौक, म्हणजे भिंतीवरची मंगल चौकट, सुवासिनी लिहितात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा करायचा, हे सोपे दिसते, पण त्या त्रिकोणांच्या कलण्यातूनच माणूस वाकतो, धावतो, ओझे उचलतो. २०११ साली पद्मश्री मिळालेले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत तारपा या फुंकवाद्याच्या तालावर नाचणाऱ्यांची नागमोडी रांग पाहिली तर तिच्यातली माणसे सारखी दिसूनही कोणी दुसऱ्याची नक्कल नसते. स्टेन्सिलमध्ये नेमके तेच जाते. सहा माणसे, सहाही एकाच साच्याची, आणि वर पुस्तिकेची सूचना अशी की ती केशरी आंब्यावर पांढऱ्या रंगाने थापावीत. मी स्टेन्सिल बाजूला ठेवले आणि मुलांना एकमेकांचे चालणे, वाकणे, दप्तर उचलणे पाहून दोन त्रिकोणांत बसवायला सांगितले. तो तास कागदावरच झाला, आणि चांगला झाला.

वॉर्निशच्या बाटलीवर घटकांचा उल्लेख नाही, वापरायच्या वयाविषयी काही नाही, आणि वास उग्र आहे. ती बाटली मी मुलांच्या हाती दिली नाही. बाजारातले पाण्यात विरघळणारे वॉर्निश आणून गच्चीच्या दारात बसून स्वतः लावले. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. या डब्यावर ना चिन्ह आहे, ना कारागिराच्या नोंदणीचा उल्लेख. भोवरा रंगवल्यावर तो खेळलाच जातो आणि धाकट्या भावंडाच्या तोंडातही जातो, त्यामुळे निदान रंग आणि वॉर्निश कोणते आहेत एवढे तरी छापायला हवे होते. डब्यावर ‘पाच वर्षांपासून पुढे’ असे लिहिले आहे. माझ्या मते नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना मोठ्या माणसाने शेजारी बसल्याशिवाय हा संच देऊ नये, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांना तो सर्वांत जास्त काही देतो.

पत्र पाठवल्यावर विक्रेत्यांचे उत्तर तिसऱ्या दिवशी आले. तडा गेलेल्या डबीच्या बदल्यात नवी डबी आली, ती नीट होती. ब्रशांविषयी त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. एमडीएफच्या चकत्यांना हस्तनिर्मित का म्हटले या प्रश्नाला उत्तर आले नाही. कोऱ्या वस्तू सुट्या मिळतील का, असे मी विचारले होते. चकत्या डझनाने आणि भोवरे नगाने मिळतात, हे त्यांच्या जाहिरातीत कुठेही लिहिलेले नाही, पण मिळतात. मोठा संच पुन्हा घेण्याचे मला कारण दिसत नाही; दिवाळीच्या सुट्टीसाठी मी सात डझन चकत्या आणि बारा भोवरे मागवले आहेत, स्टेन्सिल पाठवू नयेत असे लिहून. सात अवतार अजून बाकी आहेत, आणि वराह कोणी घ्यायचा यावरून वर्गात आत्ताच भांडण सुरू झाले आहे.